ओढणारा ट्रॅक्टर घेताना गिअर कसे पाहायचे

गेल्या महिन्यात अवजार बँकेचा विषय निघाला आणि तीन गावांतल्या गटांनी एकच प्रश्न लिहून पाठवला. उसाच्या वाहतुकीला जुना ट्रॅक्टर घ्यायचा आहे, पन्नास एचपी पुरेल का? प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. पन्नास घोडे इंजिनात असतात. ते चाकापर्यंत पोहोचतात किती आणि कोणत्या वाटेने, हे कुणी विचारत नाही. दलाल तर सांगतच नाही. तो बोनेट उघडतो, नवा रंग दाखवतो, इंजिनचा आवाज ऐकवतो. आपले पैसे मात्र बहुतेक वेळा बोनेटच्या मागे, सीटच्या खाली बुडतात. क्लच, गिअरबॉक्स, क्राऊन-पिनियन, रिडक्शन, एक्सल. आज त्याच भागाबद्दल बोलणार आहे.

बैठकीत एखादा भाऊ म्हणतोच, 'ताई, हे तुम्हाला नाही कळायचं.' कळतं. ज्या बाईने शिलाई मशीन चालवलंय तिला गिअर अर्धा कळलेला असतो. पायाखालचं मोठं चाक एकदा फिरलं की वरचं छोटं चाक चार-पाच वेळा फिरतं. मोठ्याने छोट्याला फिरवलं की वेग वाढतो आणि जोर कमी होतो. म्हणून तर वरचं चाक बोटाने अडवता येतं. ट्रॅक्टरमध्ये हेच उलटं केलेलं असतं. छोटं दातेरी चाक मोठ्याला फिरवतं, वेग कमी होतो, जोर वाढतो. असं एकदा नाही, तीन-चार टप्प्यांत होतं. आधी गिअरबॉक्समध्ये, मग हाय-लोच्या दांड्यात, मग क्राऊन-पिनियनमध्ये, आणि शेवटी चाकाजवळच्या रिडक्शनमध्ये.

एक हिशेब करून बघू, वही-पेन घ्या. इंजिन मिनिटाला २००० फेरे घेतंय असं धरा. मागच्या चाकाचा घेर साधारण ४ मीटर. लो फर्स्टमध्ये ट्रॅक्टर तासाला अडीच किलोमीटर चालतो, म्हणजे चाक मिनिटाला सुमारे १० फेरे घेतं. इंजिनचे २०० फेरे झाले की चाकाचा एक. तोच ट्रॅक्टर टॉप गिअरमध्ये तासाला २८ किलोमीटर पळतो, तेव्हा चाकाचे फेरे साधारण ११५ होतात. आता इंजिनच्या साडेसतरा फेऱ्यांना चाकाचा एक. इंजिन तेच, डिझेल तेच, पण लो फर्स्टमध्ये चाकाला टॉपच्या अकरापट जोर मिळतो. हा अकरापट जोर सोसायचा कुणी? इंजिन तो सोसत नाही. तो सोसतात गिअरबॉक्सच्या मागचे दाते आणि एक्सल. म्हणून इंजिन चांगलं असूनही ट्रॅक्टर हंगामाच्या मध्यात उभा राहतो.

आता ओढायचं काय आहे ते पाहू. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. तेव्हापासून ऊस फडातून गव्हाणीपर्यंत नेणं हा इथला मोठा धंदा आहे. बैलगाड्या अजूनही आहेत, पण रस्त्यावर जास्त दिसते ती डबल ट्रॉली. एक ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. ट्रॅक्टर दोन टनांचा आणि भरलेली एकेक ट्रॉली नऊ टनांची धरली तर एकूण वीस टन. एवढं भरणं नियमात बसतं का हा वेगळा विषय आहे. रस्त्यावर जे दिसतं ते धरून बोलते.

सपाट डांबरी रस्त्यावर हे वीस टन ढकलत ठेवायला वजनाच्या शंभरात दोन भाग एवढी ओढ लागते, म्हणजे ४०० किलो. रस्ता वीस मीटरला एक मीटर चढला की वजनाचा विसावा भाग, म्हणजे आणखी १००० किलो. एकूण १४०० किलो झाले. फडातल्या मऊ जमिनीत चाक रुततं, तिथे शंभरात दहा भाग सहज लागतात, पाणी दिलेलं असेल तर त्याहून जास्त. वीस टनांना २००० किलो.

एक एचपी म्हणजे ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलण्याची ताकद. विहिरीवरची मोट आठवा. पन्नास एचपीतले दाते, तेल, बेअरिंग यांत गेलेले सोडून चाकावर चाळीस आले असं धरू. चाळीस गुणिले ७५ म्हणजे ३०००. या ३०००ला ओढीच्या किलोने भागलं की सेकंदाला किती मीटर जाता येईल ते मिळतं. सपाट रस्त्यावर ३००० भागिले ४००, साडेसात मीटर, म्हणजे तासाला २७ किलोमीटर. चढावर ३००० भागिले १४००, म्हणजे तासाला पावणेआठ किलोमीटरच्या आत. याच्या वर एक गिअर जरी टाकला तरी इंजिन बसणार, मग ड्रायव्हर कितीही चांगला असो.

इथे गिअरच्या तक्त्याचा उपयोग होतो. प्रत्येक मॉडेलच्या पुस्तकात कोणत्या गिअरला किती वेग ते छापलेलं असतं. आपल्या चढाला पावणेआठच्या आतला गिअर हवा. एका ट्रॅक्टरला सातचा गिअर आहे, दुसऱ्याला एक पाचचा आणि त्याच्यावर थेट नऊचा. दोघांचे एचपी सारखे, पण दुसरा ट्रॅक्टर तोच चढ पाचच्या गिअरमध्ये रडत जाणार. करंजी घाट किंवा चंदनापुरी घाट रोज चढायचा असेल तर हा फरक हंगामभर डिझेलमध्ये आणि खेपांमध्ये दिसतो. म्हणून आठ पुढचे गिअर की बारा, हा प्रश्न नुसता मोजायचा नाही. वाहतुकीला सहा ते पंधरा किलोमीटरच्या मधे किती गिअर आहेत ते पाहायचं. रोटाव्हेटरला उलट, अडीचच्या आसपास आणि त्याच्याही खाली गिअर हवेत. एकाच ट्रॅक्टरकडून दोन्ही कामं घ्यायची असतील तर दोन्ही ठिकाणी बोट ठेवून तक्ता वाचा. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे, तिच्या अहवालात ट्रॅक्टर प्रत्यक्ष किती ओढतो ते मोजून दिलेलं असतं. कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा मला तो कागद जास्त पटतो.

पण ताकद आणि गिअर असूनही एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे चाकाची पकड. मागच्या एक्सलवर दोन टन वजन आलं असेल तर डांबरावर १४०० ते १६०० किलो ओढ मिळते, मऊ रानात वजनाच्या निम्म्याच्या आसपास, सुमारे १००० किलो. मग फडातले २००० किलो येणार कुठून? येतच नाहीत. म्हणून तर आपल्याकडे एकेक ट्रॉली वेगळी बाहेर काढतात आणि पाणंदीवर आल्यावर दोन्ही जोडतात. ही रीत कुणी पुस्तक वाचून काढलेली नाही, पण हिशेब तंतोतंत तोच आहे. एक ट्रॉली आणि ट्रॅक्टर मिळून अकरा टन, त्याला अकराशे किलो, म्हणजे कशीबशी निघते. थोडी ओल जास्त असली की पुढे दुसरा ट्रॅक्टर लावावा लागतो.

अमेरिकेत जत्रेत एक खेळ असतो, मोबाईलवर मुलं बघतात तो. डिझेलचे ट्रक आणि ट्रॅक्टर एक लोखंडी घसरगाडी ओढतात. तिच्यावर वजनाची पेटी असते, ती गाडी पुढे जाईल तशी पुढे सरकत जाते आणि घसरगाडीचं पुढचं तोंड जमिनीत दाबत जाते. म्हणजे जितकं पुढे जाल तितकं जड होतं. तिथे निघाल्यावर गिअर बदलायला वेळ नसतो. निघताना जो घातला त्याच्यावरच शेवटपर्यंत जायचं. मोठा गिअर घातला तर मधेच इंजिन बसतं, फार लहान घातला तर वेगच येत नाही. त्या लोकांनी पैसे मोडून शिकलेली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. इंजिनची ताकद वाढवली की क्लच घसरतो. क्लच कडक केला की पुढचा जॉईंट तुटतो. जॉईंट भारी बसवला की एक्सल पिळवटतो. कमजोर कडी नाहीशी होत नाही, ती एक घर मागे सरकते.

आपल्याकडे हेच वेगळ्या नावाने चालतं. मिस्त्री म्हणतो, 'पंपाचं डिझेल थोडं वाढवून देतो, चढ कसा घेतो बघा.' घेतो खरा. काळा धूर सोडत घेतो. पण कंपनीने क्राऊन-पिनियन मूळच्या जोराला बेतलेली असते, ती काही मोठी झालेली नसते. मग तोच मिस्त्री सांगतो, क्लच घसरतोय, बटणाची प्लेट टाका. बटणाची प्लेट म्हणजे साध्या अस्तराऐवजी धातू मिसळलेल्या कडक गोट्या. ती उष्णता सोसते, घट्ट धरते, आणि धरते ती एकदम. साधी प्लेट क्लच सोडताना थोडी घसरून झटका गिळते, ही गिळत नाही. झटका सरळ दात्यांवर जातो. माझं मत विचाराल तर गटाच्या ट्रॅक्टरला, ज्यावर तीन ड्रायव्हर बदलतात, त्याला कंपनीने दिलेली प्लेटच ठेवावी. क्लचची प्लेट जळाली तर दोन दिवसांत काम चालू होतं. क्राऊन-पिनियन गेली तर ट्रॅक्टर मधोमध फाडावा लागतो, आणि तोवर टोळी फडात बसून राहते. तुटायचंच असेल तर स्वस्त वस्तू तुटावी.

क्लचमध्ये सिंगल आणि डबल असाही प्रकार आहे. डबलमध्ये पीटीओला वेगळी प्लेट असते, पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात पण मागचं अवजार फिरत राहतं. रोटाव्हेटर, मळणीयंत्राला हे सोयीचं. नुसती ट्रॉली ओढायची तर सिंगल चालते, दुरुस्तीही सोपी.

आता रिडक्शन. हा शब्द लक्षात ठेवा, कारण वाहतुकीच्या ट्रॅक्टरमध्ये मला सगळ्यात महत्त्वाचा हाच भाग वाटतो. काही ट्रॅक्टरांत शेवटचा जोर एका छोट्या आणि एका मोठ्या दातेरी चाकावर येतो. एका वेळी एक-दोन दातेच सगळा भार घेतात. दुसऱ्या प्रकारात मधे एक चाक आणि त्याच्याभोवती तीन छोटी चाकं फिरतात, त्याला प्लॅनेटरी म्हणतात. भार तिघांत वाटला जातो. एकट्या बाईने हंडा आणणं आणि तिघींनी मिळून पातेलं उचलणं, एवढा साधा फरक आहे. शिवाय हा जोर अगदी चाकाजवळ वाढतो, त्यामुळे आतल्या क्राऊन-पिनियनवर आणि शाफ्टवर ताण कमी येतो. रोज डबल ट्रॉली ओढणाऱ्याने प्लॅनेटरीवालाच बघावा. फक्त आपल्या रानात पेरणी-कोळपणी करणाऱ्याने त्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ पासून. गटाची सहल काढाल तर रणगाड्याचं साखळी फिरवणारं दातेरी चाक बघून या. त्याच्यालगत आत असंच शेवटचं रिडक्शन असतं. वजन कितीही असो, युक्ती तीच.

टायर हाही एक गिअरच आहे, हे मात्र बऱ्याच ड्रायव्हरांनाही पटत नाही. मिळाले म्हणून मोठे टायर टाकले आणि चाकाची उंची शंभरात पाच भाग वाढली, तर प्रत्येक गिअरचा वेग पाच भाग वाढतो आणि ओढ तेवढीच कमी होते. सातचा गिअर ७.३५चा होतो. चढावर जिथे काठावर पास होत होतो तिथे नापास. दुसरं म्हणजे डावा टायर नवा आणि उजवा गुळगुळीत असं जुन्या ट्रॅक्टरला फार दिसतं. दोन चाकांचा घेर वेगळा झाला की सरळ रस्त्यावरही डिफरन्शियलचे दाते सतत फिरत राहतात, जे एरवी फक्त वळणावर फिरतात. फोर व्हील ड्राईव्ह असेल तर पुढच्या-मागच्या टायरांचं प्रमाण कंपनीने ठरवलेलं असतं, ते बिघडवायचं नाही, आणि डांबरावर पुढची चाकं जोडलेली ठेवायची नाहीत. रानातली माती थोडी घसरू देते, डांबर देत नाही. तो पीळ गिअरवर जातो.

डिफरन्शियलवरून आठवलं. एक चाक चिखलात गरगर फिरतं आणि दुसरं गप्प उभं राहतं, तेव्हा पायाखालचं लॉक दाबलं की दोन्ही चाकं एकदम फिरतात. ते चाक फिरायच्या आधी दाबायचं, गरगर चालू असताना नाही. बाहेर निघाल्याबरोबर सोडायचं. लॉक दाबून वळण घेतलं तर ट्रॅक्टर वळत नाही, नाहीतर आत काहीतरी मोडतं.

जीवाची गोष्ट आता. ट्रॉली नेहमी खालच्या हुकाला. ओढ मागच्या एक्सलच्या उंचीवरून दिली, वरच्या टॉप लिंकच्या जागी साखळी बांधली, तर लो गिअरमध्ये क्लच सोडताच ट्रॅक्टर पुढून उचलतो आणि मागे उलटतो. ड्रायव्हरला उडी मारायला वेळ मिळत नाही. लो फर्स्टमधला तो अकरापट जोर चाकाला फिरवता आला नाही तर ट्रॅक्टरलाच चाकाभोवती फिरवतो. रुतलेली ट्रॉली काढताना हे घडतं, कारण तेव्हा घाई असते आणि भोवती माणसं उभी असतात. पुढचं वजन, म्हणजे बंपरला लावायच्या लोखंडी पाट्या, जुन्या ट्रॅक्टरला बहुधा काढून विकलेल्या असतात. त्या आहेत का बघा, नसतील तर किमतीत धरा.

आणि उतार. ज्या गिअरने चढ चढतो त्याच गिअरने उतरायचं. न्यूट्रल करून डिझेल वाचवणारा ड्रायव्हर गटाने ठेवू नये, एवढं मी स्पष्ट सांगते. वीस टन मागून ढकलत असताना ट्रॅक्टरचा ब्रेक एकटा पुरत नाही, इंजिनलाच धरून ठेवावं लागतं. तेलातले ब्रेक असतील तर बरे, ते कोरड्या ब्रेकपेक्षा कमी तापतात. रस्त्यावर डावा-उजवा ब्रेक खटक्याने जोडलेला हवा. शेतात वळायला सोडलेला खटका तसाच राहिला आणि रस्त्यावर एकच पेडल दाबलं गेलं, तर ट्रॅक्टर जागेवर गिरकी घेतो. उसावर बायका-पोरं बसून येतात, हे आपण सगळ्या बघतो.

जुना ट्रॅक्टर बघायला जाल तेव्हा दलालाला आदल्या दिवशी कळवू नका. तेल बदलून ठेवतो. गेल्यावर पहिल्यांदा गिअरबॉक्सचं तेल थोडं खालून काढायला सांगा. पांढऱ्या फडक्यावर घ्या. बोटाला चमचम लागली, बारीक भुगा, तर तो चालतो, झीज सगळ्यांची होते. नखाएवढा तुकडा निघाला तर चहा पिऊन परत या. दुधाळ तेल म्हणजे आत पाणी गेलंय.

मग भरलेली ट्रॉली जोडून चालवायला लावा. रिकामा ट्रॅक्टर कुणाचाही चांगलाच चालतो. चढावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रल झाला तर आतले दाते गोल झालेत. ओढताना घोंघावतो आणि उतारावर आवाज बदलतो, तर क्राऊन-पिनियन बघायची वेळ आलीय. क्लच तपासायला ब्रेक घट्ट दाबून, मोठ्या गिअरमध्ये हळूच क्लच सोडायला सांगा, समोर कुणाला उभं करू नका. इंजिन लगेच बंद पडायला हवं. घुरघुरत चालूच राहिलं तर प्लेट संपलीय. मागचं एक चाक जॅकवर उचलून वर-खाली, आत-बाहेर हलवून बघा, खडखड लागली तर बेअरिंग. ब्रेकच्या ड्रमजवळ तेल ओघळलेलं असेल तर एक्सलचं सील गेलंय आणि ते तेल ब्रेकवर जातंय. हुकाच्या पिनेचं भोक बघा. गोल असेल तर ठीक, लांबट झालं असेल तर हा ट्रॅक्टर आयुष्यभर काय ओढत आलाय ते समजा, विकणारा काहीही सांगो.

आमच्याकडच्या एका गटातल्या बायांनी असंच केलं. अकरा जणी गेल्या होत्या. विकणारा हसला, म्हणाला लग्नाला आलात का. फडक्यावर तेल घेतलं, दोन तुकडे निघाले. त्यांनी फडकं घडी करून पिशवीत ठेवलं आणि काही न बोलता निघाल्या. तो माणूस रस्त्यापर्यंत मागे आला, चाळीस हजार कमी करतो म्हणाला. त्यांनी घेतला नाही. दीड महिन्याने दुसरा घेतला, रंग उडालेला, पण आतून धड. तो तिसऱ्या हंगामात आहे.

कागदांचंही सांगते, गिअरइतकंच ते ओढतं. नोंदणी शेतीच्या कामाची आणि आपण मारणार भाड्याच्या खेपा, असं असेल तर अपघातात विम्याची अडचण येते. सौदा ठरवायच्या आधी आरटीओत आणि विमा एजंटाकडे दोन्हीकडे लेखी विचारा. ट्रॉल्यांची नोंदणी वेगळी असते, दोन्हींची बघा. बँकेचा बोजा उतरलाय का ते नोंदणी पुस्तकावर दिसतं. ठरावात ट्रॅक्टरच्या किमतीबरोबर क्लच प्लेट, तेल, सील आणि मागच्या दोन टायरांची रक्कम आधीच धरा, म्हणजे पहिल्याच हंगामात हप्त्याच्या पैशाला हात लागणार नाही. कुणाला गिअरचा तक्ता वाचायला अडचण आली तर पुस्तकाचा फोटो काढून पुढच्या बैठकीला घेऊन या, बसून हिशेब मांडू.